समाजवाद, भांडवलशाही आणि वर्गमित्राशी वाद

या वादाची पहिली दहा मिनिटं मला तोंडपाठ आहेत. एक जण म्हणतो, "समाजवादात सगळ्यांना सारखाच पगार, मग काम कोण करणार?" दुसरा म्हणतो, "आणि भांडवलशाही म्हणजे काय, नुसता हावरटपणा." मग उत्तर कोरिया येतो. मग स्वीडन येतं. मग कोणीतरी म्हणतं, "एवढं वाटतं तर तो मोबाइल फेकून दे," आणि त्याला उत्तर मिळतं, "मग तूही सरकारी रस्त्यावरून चालू नकोस." अकराव्या मिनिटाला आवाज चढलेले असतात आणि कोणाचंही मत तसूभर हललेलं नसतं.

माझा एक वर्गमित्र आणि मी गेली तीन वर्षं हा वाद घालतोय. त्याचा कल समाजवादाकडे, माझा बाजाराकडे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे पारडं झुकलेलं दिसलं तर कारण शोधावं लागणार नाही. तीन वर्षांत आम्ही एकमेकांना फारसं पटवू शकलो नाही. पण कुठला मुद्दा पोकळ आणि कुठला भरीव, एवढं दोघांनाही कळायला लागलं. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचे सर्वांत लोकप्रिय मुद्देच सर्वांत पोकळ निघाले.

आधी शब्दांचा गुंता सोडवू. 'समाजवाद' आणि 'भांडवलशाही' हे एकाच प्रश्नाची दोन उत्तरं असल्यासारखे आपण वापरतो. त्यांच्या पोटात निदान तीन प्रश्न आहेत. कारखाने, जमिनी, यंत्रं यांची मालकी कोणाची? काय आणि किती बनवायचं हे कोण ठरवतं, बाजारातल्या किमती की नियोजन मंडळ? आणि जे तयार झालं त्याची वाटणी कशी होते, म्हणजे कर, निवृत्तिवेतन, दवाखाने, शाळा? समाजवादाचं जुनं, मूळ भांडण पहिल्या प्रश्नावर आहे: उत्पादनाची साधनं मूठभरांच्या खासगी मालकीची नसावीत. सोव्हिएत संघाने त्याला दुसऱ्या प्रश्नाचं एक कडक उत्तर जोडलं. १९२८ पासून तिथे पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि काय बनेल, कुठे जाईल, कितीला विकलं जाईल हे मॉस्कोत ठरू लागलं. आज विद्यार्थी 'समाजवाद' म्हणतात तेव्हा मात्र त्यांच्या मनात बहुतेक वेळा तिसरा प्रश्न असतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही बाजूचा माणूस देऊ शकतो. जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाचा विमा १८८३ मध्ये आला, आणि तो आणणारा तिथला चान्सलर बिस्मार्क होता. याच बिस्मार्कने पाच वर्षांपूर्वी समाजवादी संघटनांवर बंदी घातली होती. कामगारांना समाजवाद्यांकडे जायचं कारणच उरू नये, हा त्याचा हिशोब. सिंगापूर मुक्त व्यापाराचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, पण तिथले बहुसंख्य रहिवासी सरकारी संस्थेने बांधलेल्या घरांत राहतात आणि बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे. आता याला एका शब्दात काय म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

स्वीडनचं तेच. माझा मित्र सुरुवातीला स्वीडन हुकमाच्या एक्क्यासारखं टाकायचा. तिथे कर भरपूर, सरकारी सेवा भरपूर. पण कंपन्या बहुतांशी खासगी आहेत, किमती बाजार ठरवतो, आणि कायद्याने ठरवलेलं किमान वेतन नाही, कारण ते काम कामगार संघटना आणि मालक आपसात करारांनी करतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर डावीकडे, पहिल्या दोन प्रश्नांचं उजवीकडे. मात्र एकदा स्वीडन पहिल्या प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत गेलं होतं, आणि हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. १९७६ मध्ये तिथल्या कामगार महासंघाने, अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ मेइडनर यांच्या आराखड्यावरून, एक योजना स्वीकारली: मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा काही हिस्सा नव्या शेअरच्या रूपाने कामगारांच्या निधीत टाकायचा. वर्षानुवर्षं हे चाललं असतं तर हळूहळू कंपन्यांची मालकीच कामगारांकडे सरकली असती. क्रांती नाही, रक्तपात नाही, नुसती शेअरची नोंदवही. मालकवर्ग खवळला, १९८३ मध्ये स्टॉकहोममध्ये प्रचंड मोर्चा निघाला, कायदा झाला तो पाणी घातलेला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तोही मोडीत निघाला. करांवर तडजोड करणारे लोक मालकीवर आले की कसे उभे राहतात, ते या प्रकरणात दिसतं.

शब्दांचा गुंता सुटला की पुढची खोड लागते ती मोजमापाची. मी सोव्हिएत छळछावण्यांबद्दल बोललो की मित्र म्हणायचा, "तो खरा समाजवाद नव्हताच." त्याने २००८ च्या बँक संकटाबद्दल विचारलं, बुडत्या बँकांना अमेरिकी सरकारने जनतेच्या पैशातून का वाचवलं, की मी म्हणायचो, "ती खरी भांडवलशाही नव्हतीच." एकदा हे दोन्ही एकाच संध्याकाळी झालं आणि आम्ही दोघंही ओशाळलो. आपलं स्वप्न आणि समोरच्याचं वास्तव यांची तुलना केली की आपणच जिंकतो. तेव्हापासून आमचा एक नियम आहे: स्वप्नाशी स्वप्न लढेल, वास्तवाशी वास्तव.

आता पोकळ मुद्दा पहिला, माझ्या बाजूचा: 'सगळ्यांना सारखा पगार, म्हणून लोक आळशी झाले'.

सोव्हिएत संघात सगळ्यांना सारखा पगार नव्हता. १९३१ मध्ये खुद्द स्टालिनने पगारातल्या सरसकट समानतेवर जाहीर कोरडे ओढले. कारखान्यांतून नगावर मजुरी चालायची, जितके नग तितके पैसे. ऑगस्ट १९३५ मध्ये अलेक्सेई स्ताखानोव्ह या खाणकामगाराने एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचं जाहीर झालं, नेमून दिलेल्या कामाच्या चौदा पट. तो विक्रम आधीपासून आखलेला होता आणि त्याच्या मदतीला माणसं दिली होती, पण त्याच्या नावाने देशभर मोहीम निघाली आणि जास्त काम करणाऱ्यांना बक्षिसं, पदकं, प्रसिद्धी मिळू लागली. म्हणजे घाम गाळायला आमिष होतं. पुढच्या दशकांत ते आमिष पातळ झालं हे खरं. पण पगार हातात असून दुकानात घेण्यासारखं काही नाही, अशी अवस्था होती, म्हणून ते पातळ झालं. दुकानं रिकामी का राहिली, हा त्याच्या आधीचा प्रश्न.

त्याचं भरीव उत्तर आळसात नसून माहितीत आहे.

समजा, जगातली एखादी मोठी तांब्याची खाण बंद पडली. तांबं कमी पडणार. आता कोणी कमी वापरायचं? वायर बनवणाऱ्याने, नळ बनवणाऱ्याने की भांडी बनवणाऱ्याने? नळवाल्याला प्लास्टिकवर जाता येईल, वायरवाल्याला कदाचित नाही. जुन्या मोटारी मोडणाऱ्या कोणाकडे तरी भंगारात तांबं पडून आहे. ही सगळी माहिती हजारो डोक्यांत विखुरलेली आहे, आणि कित्येकांना ती आपल्याकडे आहे याचाही पत्ता नाही. बाजारात तांब्याचा भाव चढतो. खाण बंद पडल्याची बातमी न वाचलेला नळवालाही भाव बघून म्हणतो, "चला, प्लास्टिकचं बघू." भंगारवाला गोदाम उघडतो. कोणी हुकूम दिला नाही, कोणी बैठक घेतली नाही.

किंमत ही अशी निरोप्याचं काम करते. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्येच हा वाद उकरला: कारखाने आणि यंत्रांची खरेदी-विक्रीच नसेल तर त्यांना खऱ्या किमती नसतील, आणि किमती नसतील तर कुठला माल कुठे वापरणं फायद्याचं, हे नियोजन करणाऱ्याला समजणार कसं? १९४५ मध्ये फ्रीडरिक हायेक यांनी तो मुद्दा विखुरलेल्या माहितीच्या भाषेत मांडला. नियोजन मंडळातली माणसं प्रामाणिक आणि हुशार असली तरी ही अडचण सुटत नाही, हे त्यातलं मर्म.

किंमत नसली की दुसरं काहीतरी माप लागतं, आणि माणसं त्या मापासाठी काम करू लागतात. १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनीच एका भाषणात तक्रार केली होती की आपल्याकडे झुंबरं सुंदर नसतात, वजनदार असतात. कारण साधं होतं: कारखान्याचं उत्पादन टनांत मोजलं जायचं. झुंबर जितकं जड तितकी योजना लवकर पूर्ण. ते छताला पेलेल का, हा कारखान्याचा प्रश्न नव्हता. त्या कारखान्यात आळशी कोणीच नव्हतं. उलट सगळे मन लावून चुकीची गोष्ट करत होते.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं तेव्हा मित्र म्हणाला, "हे कागद-पेन्सिलच्या जमान्यातलं झालं. आता संगणक आहेत." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीस प्लायवूड उद्योगाचा एक प्रश्न आला: कुठल्या यंत्रावर कुठली लाकडं चढवायची म्हणजे जास्तीत जास्त माल निघेल? तो सोडवताना त्याने १९३९ मध्ये एक नवी गणिती पद्धतच मांडली आणि पुढे १९७५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चिलीत समाजवादी अध्यक्ष अयेंदे यांच्या सरकारने १९७१ पासून सरकारी कारखाने टेलेक्सच्या (तारेने टंकलिखित मजकूर पाठवणाऱ्या यंत्रांच्या) जाळ्याने एका संगणकाला जोडायचा प्रयत्न केला. १९७३ च्या लष्करी बंडात तो संपला.

पण कांतोरोविचच्या गणिताची गंमत बघा. उत्तर काढताना त्यातून प्रत्येक कच्च्या मालाला एक आकडा आपोआप चिकटायचा: हा माल एक माप जास्त मिळाला तर किती फायदा. म्हणजे दाराबाहेर काढलेली किंमत खिडकीतून आत आली. सोव्हिएत अर्थशास्त्रातल्या सनातन्यांना ते सहन होईना.

मित्राने मग दुसरा बाण काढला, आणि तो मला लागला. "बाजार एवढा हुशार आहे, तर कंपनीच्या आत बाजार का नसतो? एका विभागातला माणूस दुसऱ्या विभागाला बोली लावून काम विकतो का? तिथे तर साहेब सांगतो आणि बाकीचे करतात. म्हणजे तुझी भांडवलशाही ही छोट्या-छोट्या नियोजन मंडळांनीच भरलेली आहे." त्याने हे स्वतः शोधून काढलं असेल, पण नेमका हाच प्रश्न अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारला होता. त्यांचं उत्तर असं की बाजारात प्रत्येक सौद्याला खर्च येतो: शोधा, घासाघीस करा, करार लिहा. जिथे हा खर्च हुकूम देण्याच्या खर्चापेक्षा जास्त तिथे कंपनी जन्माला येते. तेव्हा 'बाजार की नियोजन' यापेक्षा 'कुठपर्यंत नियोजन आणि कुठून बाजार' असं विचारणं बरं. माझ्याकडे शिल्लक राहिलं ते इतकंच की कंपनीचं नियोजन चुकलं तर ती बुडते आणि दुसरी उभी राहते. देशाचं चुकलं तर पर्यायच नसतो.

आता पोकळ मुद्दा दुसरा, त्याच्या बाजूचा: 'भांडवलशाही म्हणजे लोभ'.

लोभ भांडवलशाहीच्या कितीतरी आधीचा. राजे लोभी होते, सरदार होते, महंतही होते. आणि मार्क्सने स्वतः हा मुद्दा नाकारला होता, हे ऐकून मित्र चपापला. १८६७ च्या आपल्या मुख्य ग्रंथाच्या प्रस्तावनेतच तो म्हणतो की मी भांडवलदाराला व्यक्ती म्हणून दोषी धरत नाही. तो ज्या संबंधांत सापडलाय त्यांचा तो प्रतिनिधी आहे. दयाळू गिरणीमालकानेही मजुरी वाढवली आणि शेजारच्याने नाही वाढवली, तर दयाळूचा माल महाग पडतो. इंग्लंडमध्ये गिरण्यांतून लहान मुलं बाहेर काढायला मालकांची सद्बुद्धी पुरली नाही. १८३३ चा कायदा लागला, त्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, आणि तपासायला सगळ्या देशाला मिळून चार निरीक्षक नेमले. चार! तरी ती सुरुवात होती.

म्हणून समाजवादाचा भरीव मुद्दा सत्तेचा आहे. मित्र तो मांडायला लागला तेव्हापासून मला वाद जड जाऊ लागला.

मी म्हणायचो, कामगार आणि मालक स्वखुशीने करार करतात, कोणी कोणाला बांधलेलं नाही. त्याने एके दिवशी ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही इमारत काढली. आठ मजली, आत पाच कपड्यांचे कारखाने, खाली बँक आणि दुकानं. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना आणि खांबांना भेगा दिसल्या. इमारत रिकामी केली गेली. बँकेची शाखा आणि दुकानं बंद राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. पगार अडवण्याची धमकी मिळाल्याचं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. नऊ वाजायच्या आत इमारत खाली बसली. ११३४ माणसं गेली.

"आता सांग," तो म्हणाला, "भेग बँकेच्या माणसालाही दिसली आणि शिवणाऱ्या बाईलाही दिसली. माहिती दोघांकडे सारखी. एक जण घरी राहू शकला, एक जण नाही. तुझा तो किमतीचा निरोप्या इथे काय करत होता?"

माझ्याकडे उत्तर होतं, अर्धंमुर्धं. कपडा उद्योगाने बांगलादेशातल्या लाखो बायकांना पहिल्यांदा स्वतःची कमाई दिली, आणि त्यांच्यासमोरचे बाकीचे पर्याय याहून वाईट होते. हे खरंच आहे. तो म्हणाला, "पर्याय वाईट होते म्हणून करार चांगला ठरत नाही. उलट पर्याय वाईट असले की करारावर सही करणाऱ्याची खुशी किती, हाच तर प्रश्न आहे."

त्या रात्री मी अॅडम स्मिथ उघडला. भांडवलशाहीचे आजोबा म्हणून ज्यांचं नाव घेतो त्यांनी १७७६ मध्ये तेच लिहून ठेवलंय: मालक कामगार न ठेवता वर्षभर काढू शकतो, बरेच कामगार कामावाचून आठवडाही काढू शकत नाहीत, आणि मालक मजुरी खाली ठेवायला आपसात संगनमत करत नाहीत असं ज्याला वाटतं त्याला जग ठाऊक नाही. माझ्याच तंबूतून गोळा आला. (त्याची परतफेड मी नंतर केली. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात मार्क्स आणि एंगल्स यांनी भांडवलदार वर्गाने शंभर वर्षांत उभ्या केलेल्या उत्पादनशक्तीचं जे कौतुक केलंय, तेवढं मीही कधी केलं नव्हतं.)

या वादात एक जागा अशी येते जिथे दोघंही मढी मोजायला बसतात. एक जण चीनचा दुष्काळ काढतो, दुसरा आयर्लंडचा. मला हा प्रकार ओंगळ वाटतो, पण एकदा आम्ही तो नीट केला आणि त्यातून काहीतरी हाती लागलं.

चीनमध्ये १९५८ ला 'मोठी झेप' सुरू झाली. शेती सामुदायिक, आकडे भव्य. खालचे अधिकारी वरच्यांना खूश करायला पिकाचे फुगवलेले आकडे कळवायचे आणि सरकार त्या आकड्यांवरून धान्य उचलायचं. कागदावरचं धान्य गेलं असतं तर हरकत नव्हती, गेलं ते खरं. १९५९ च्या उन्हाळ्यात लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी माओंना पत्र लिहून हे चुकतंय असं सांगितलं. ते पदावरून गेले, आणि त्यानंतर कोणी काही लिहिलं नाही. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली, आणि त्या काळातही धान्य आणि जनावरं बाहेर निर्यात होत होती. व्यापारात सरकारने हात घालू नये, हा आयर्लंडवर राज्य करणाऱ्या लंडनमधल्या अनेकांचा ठाम विश्वास होता. भुकेल्या माणसाकडे पैसे नव्हते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची भूक किमतीला ऐकू येत नाही. हायेकच्या निरोप्याचा हा बहिरेपणा मी तोवर कधी नीट पाहिला नव्हता.

अमर्त्य सेन यांचं प्रसिद्ध निरीक्षण इथे कामाला येतं: निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या, नीट चालणाऱ्या लोकशाहीत मोठ्या प्रमाणावर दुष्काळबळी गेलेले नाहीत. लुशानमध्ये माहिती होती. आयर्लंडमध्ये होती. राणा प्लाझातही होती. ज्याला माहीत होतं त्याला 'नाही' म्हणता आलं नाही, किंवा त्याने म्हटलेलं 'नाही' कोणाला मोजावंच लागलं नाही. मित्राचा सत्तेचा मुद्दा आणि माझा माहितीचा मुद्दा इथे एकमेकांत अडकले. हे लक्षात आल्यावर आम्ही दोघं थोडे गप्प झालो, जे दुर्मीळ आहे.

याच चीनमध्ये आन्हुई प्रांतात श्यावगांग नावाचं गाव आहे. 'मोठ्या झेपे'च्या दुष्काळात हा भाग भयंकर होरपळला होता. १९७८ च्या अखेरीस तिथल्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर सह्या-अंगठे केले: सामुदायिक जमीन घरागणिक वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरलेलं आपलं. हा गुन्हा होता. म्हणून कागदावर असंही लिहिलं की आपल्यापैकी कोणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीचे सांभाळतील. पुढच्या हंगामात पीक कित्येक पटींनी वाढलं. जमीन तीच, माणसं तीच. सरकारने त्यांना पकडण्याऐवजी हळूहळू तीच पद्धत देशभर लागू केली. पुढच्या चाळीस वर्षांत, जागतिक बँकेच्या हिशोबाने, चीनमधले सुमारे ८० कोटी लोक पराकोटीच्या गरिबीतून बाहेर आले.

हा माझा सर्वांत लाडका पुरावा. पण मित्राने त्यातही बोट ठेवलंच: "कागद परत वाच. मुलं सांभाळायचं वचन कुठल्या बाजारात मिळतं? आणि जमिनीची मालकी आजही समुदायाचीच आहे, त्यांनी घेतला तो कसण्याचा हक्क." दोन्ही खरं आहे.

आणि राणा प्लाझानंतर काय झालं, तेही कोणाच्याच साच्यात बसत नाही. कारखाने सरकारने ताब्यात घेतले नाहीत. बाजारावरही सोडलं नाही. २०० हून अधिक परदेशी कपडे कंपन्यांनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केला: स्वतंत्र तपासणी, दुरुस्तीची सक्ती, आणि धोक्याच्या इमारतीत काम नाकारायचा कामगाराचा हक्क. मालकी जिथल्या तिथे, फक्त 'नाही' म्हणायची सोय नवी. जर्मनीत १९७६ पासून दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षी मंडळावर, म्हणजे व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळावर, निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना असतात. बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचा. "म्हणजे एकावन्न-एकोणपन्नास," मित्र म्हणाला, "भांडवलशाहीची व्याख्याच सापडली."

अलीकडे आमचा वाद मोंद्रागोनवर येऊन अडकलाय. स्पेनच्या बास्क भागात १९५६ मध्ये एका धर्मगुरूच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी स्टोव्ह बनवणारा कारखाना काढला, त्यातून आज सहकारी संस्थांचा मोठा समूह उभा आहे आणि त्यात सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात. सभासद कामगार हेच मालक. एक माणूस, एक मत. वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर मर्यादित. पण माल विकायचा तो खुल्या बाजारात, स्पर्धेला तोंड देत. मालकीच्या प्रश्नाला समाजवादी उत्तर, निर्णयाच्या प्रश्नाला बाजाराचं. मित्राला वाटतं हा त्याचा विजय, मला वाटतं माझा.

२०१३ मध्ये या समूहातली घरगुती यंत्रं बनवणारी फागोर ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. बाकीच्या संस्थांनी आणखी पैसे ओतायला नकार दिला, पण तिथल्या बऱ्याच सभासदांना आपल्याकडे कामाला घेतलं. बाजाराने कंपनी बुडवली, माणसं बुडू दिली नाहीत. मी विचारलं, "एवढं चांगलं आहे तर अशा संस्था जगभर का पसरत नाहीत? कोणी अडवलंय?" तो म्हणाला, "भांडवल कोण देणार? मत विकत मिळत नसेल तर गुंतवणूकदार कशाला येईल?" मी म्हणालो, "आणि कामगार तरी आपली नोकरी आणि आपली बचत एकाच नावेत कशाला ठेवेल?"

मग त्याने जुना प्रश्न नव्या जागी ठेवला. "समज, मोंद्रागोनच्या कारखान्यात भेग दिसली असती. दुसऱ्या दिवशी काय झालं असतं?"

"सभा झाली असती," मी म्हणालो. "हात वर केले असते आणि घरी गेले असते."

"मग?"

"मग हे की त्यांचे परदेशातही कारखाने आहेत. तिथले बहुतेक कामगार सभासद नाहीत. पगारी आहेत. त्यांना मत नाही."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्यांनाही द्यायला पाहिजे."

"कोणाच्या मतदानाने?" मी विचारलं.